एका थाऊचे सोळा हजार भाग

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह टिपायला बनवलेल्या आमच्या उपकरणाने पहिला ‘ग्रह’ दाखवला तेव्हा ते अजून विद्यापीठाच्या तळघरात टेबलावर होतं. दुर्बीण तिथून समुद्रापलीकडे. ताऱ्याच्या जागी एक दिवा, म्हणजे बारीक काचतंतूच्या टोकातून येणारा प्रकाश. आणि पडद्यावर, झाकलेल्या त्या दिव्याच्या उजव्या अंगाला जरा खाली, एक छान गोल ठिपका. खरा ग्रह दिसला असता तर तेवढाच मंद आणि तेवढाच गोल दिसला असता. पण दिव्याला ग्रह कुठून असणार?

तो ठिपका कुठून आला हे शोधण्यात माझे अकरा दिवस गेले. दिवा जरासा सरकवला तर ठिपकाही सरकला. म्हणजे डिटेक्टरवरचा डाग नव्हता, प्रकाशच होता. मग एकेक आरसा किंचित हलवून पाहिला. ठिपका दर वेळी दिव्याच्या जोडीनेच हलला. शेवटी फिल्टरपाशी आले. फिल्टर अर्धा अंश कलता केला आणि ठिपका दिव्याला सोडून एकटाच बाजूला गेला. फिल्टर आणि त्याच्या पुढची एक सपाट काच यांच्यामध्ये प्रकाश दोनदा आपटून पुढे जात होता आणि शेजारी आपली फिकट प्रत उमटवत होता. या प्रकाराला सगळे ‘घोस्ट’ म्हणतात. तो टाळण्यासाठीच फिल्टर थोडा तिरका बसवतात. ड्रॉइंगमध्ये तो कोन लिहिलेला होता. बसवताना मी तो सरळ बसवला होता.

त्या दिवशी मी वहीत एक यादी सुरू केली. डावीकडे ठिपक्याची जागा, उजवीकडे त्याचं कारण. चार वर्षांनी उपकरण डोंगरावर गेलं तेव्हा त्या वहीत दोनशेच्या वर नोंदी झाल्या होत्या. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचे फोटो काढणारं उपकरण बनवतेय, असं मी घरी-दारी सांगायचे. प्रत्यक्षात माझे बहुतेक दिवस ती यादी भरण्यात गेले. आपलं उपकरण कुठे कुठे प्रकाश सांडतं हे आधी पाठ व्हावं लागतं. त्या सगळ्या ठिपक्यांची ओळख पटली, की जो उरतो तो आकाशातला असू शकतो.

माझे बाबा नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत टर्नर होते. लेथवर तीस वर्षं काढलेल्या माणसाचं माप म्हणजे थाऊ, इंचाचा हजारावा भाग. ‘दोन थाऊ जास्त आहे’, ‘एक थाऊ घासून काढ’ हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. मी या कामाला लागले तेव्हा बाबांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, “तुमचं काम किती थाऊचं?”

मी हिशेब करून दुसऱ्या दिवशी सांगितलं. एक थाऊ म्हणजे 25.4 मायक्रॉन, म्हणजेच 25,400 नॅनोमीटर. आम्ही इन्फ्रारेडमध्ये बघतो, 1.6 मायक्रॉनच्या आसपास. दुर्बिणीतून आलेल्या प्रकाशाच्या लाटेवर फक्त दीड-पावणेदोन नॅनोमीटरची वळी पडली, तरी ताऱ्याच्या शेजारी ताऱ्याच्या एक लाखावा भाग एवढा तेजस्वी ठिपका उमटतो. आम्हाला जे ग्रह बघायचे होते ते साधारण तेवढेच तेजस्वी. म्हणजे एका थाऊचे सोळा हजार भाग करा. त्यातल्या एका भागाची चूक झाली की खोटा ग्रह तयार.

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “एवढं मोजता कशाने?”

हा प्रश्न अगदी मुळावरचा होता. आमच्या कामाची निम्मी कहाणी मोजण्याचीच आहे.

आधी हे का करायचं ते सांगते. आजवर सहा हजारांच्या आसपास परग्रह सापडलेत, पण त्यातले बहुतेक अप्रत्यक्षपणे कळलेले आहेत: ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो, किंवा ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डगमगतो. ग्रहाचा स्वतःचा प्रकाश वेगळा काढून बघितलाय असे ग्रह थोडेच, काही डझन. आणि हवेत पाणी आहे का, मिथेन आहे का हे ग्रहाला थेट विचारायचं तर त्याचाच प्रकाश हातात यायला हवा. अडचण अशी, की आपला गुरू सूर्याच्या साधारण एक अब्जावा भाग प्रकाश परत फेकतो आणि पृथ्वी दहा अब्जावा. जमिनीवरच्या दुर्बिणींनी आज जे ग्रह टिपता येतात ते वेगळे: गुरूच्या कैक पट जड, ताऱ्यापासून लांब आणि वयाने लहान, नुकतेच घडलेले. घडतानाची उष्णता त्यांच्यात अजून शिल्लक असते, त्यामुळे ते इन्फ्रारेडमध्ये स्वतःच तापलेल्या तव्यासारखे चमकतात. तिथे तफावत अब्जावरून लाखावर येते.

यातलं सगळ्यात गाजलेलं कुटुंब म्हणजे एचआर 8799. हा तारा 133 प्रकाशवर्षांवर आहे. 2008 च्या नोव्हेंबरात त्याच्याभोवतीच्या तीन ग्रहांचे फोटो प्रसिद्ध झाले, हवाईतल्या केक आणि जेमिनी नॉर्थ दुर्बिणींनी काढलेले. 2010 मध्ये चौथा सापडला, सगळ्यात आतला. त्यांना बी, सी, डी आणि ई म्हणतात. 2008 च्या त्याच दिवसांत फोमलहॉट ताऱ्याजवळच्या एका ठिपक्याचीही ग्रह म्हणून घोषणा झाली होती, हबल दुर्बिणीच्या फोटोंवरून. पुढे काही वर्षांत तो ठिपका पसरत आणि विरत गेला. तो बहुधा एखाद्या टकरीतून उडालेला धुळीचा ढग होता. ही गोष्ट आमचे सर नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच सांगायचे. ठिपका खरा असूनही तो ग्रह नसतो, अशीही एक शक्यता यादीत धरावी लागते.

आता हवेबद्दल. उन्हाळ्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर समोरची गाडी थरथरताना दिसते ना, तीच थरथर प्रत्येक ताऱ्याच्या वाटेत असते. ताऱ्याचा प्रकाश वातावरणाच्या माथ्यापर्यंत सपाट लाटेसारखा येतो आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये चुरगळतो. ही चुरगळलेली लाट मोजून वाकणाऱ्या आरशाने इस्त्री करावी, ही कल्पना होरेस बॅबकॉक यांनी 1953 मध्येच मांडली होती. ती प्रत्यक्षात यायला काही दशकं लागली, कारण हे सेकंदाला हजार वेळा करावं लागतं. मोजा, हिशेब करा, आरसा वाकवा, पुन्हा मोजा. या चक्राला आम्ही ‘लूप’ म्हणतो. ‘लूप लागला’ म्हणजे हवा काबूत आली. ‘लूप सुटला’ म्हणजे पडद्यावर पुन्हा सगळं पिंजलेल्या कापसासारखं.

तो वाकणारा आरसा, डीएम, मी पहिल्यांदा हातात घेतला तो क्षण मला लख्ख आठवतो. हातात म्हणजे डब्यासकट. आत जेमतेम अडीच सेंटिमीटर चौरसाचा सोनेरी तुकडा. त्याच्या पातळ पापुद्र्याखाली 64 ओळी आणि 64 रकाने, एकूण 4096 बारीक टेकू. प्रत्येकाला वेगळं व्होल्टेज द्यायचं, की तेवढ्या जागी पापुद्रा खाली ओढला जातो. पूर्ण ओढला तरी साडेतीन मायक्रॉन, म्हणजे थाऊचा सातवा हिस्सा. मागून वायरींचे पट्टेच्या पट्टे बाहेर पडलेले. दिव्याखाली धरला की एकसंध सोनं दिसतं, जरा कलता केला की तळाशी गोधडीच्या टाक्यांसारखी चौकटींची बारीक जाळी.

या आरशाला दमट हवा चालत नाही. व्होल्टेज चालू असताना ओल लागली तर टेकूंच्या तारा आतल्या आत गंजतात. म्हणून तो काचेची खिडकी असलेल्या बंद डब्यात ठेवून त्यात सतत कोरडी हवा सोडायची, आर्द्रता तीस टक्क्यांच्या खूप खाली राखायची. मी डब्यात आर्द्रतेचा मीटर बसवला, त्याचा आकडा पडद्यावर आणला आणि काम झालं असं समजले. एका शुक्रवारी रात्री लांब चालणारी चाचणी लावून घरी गेले. रात्री इमारतीचा कोरड्या हवेचा पुरवठा दुरुस्तीसाठी बंद झाला. आरशावर व्होल्टेज तसंच होतं. सकाळी आले तेव्हा आकडा पन्नासच्या वर होता, आणि 4096 पैकी दोन टेकू मेले होते. काही केल्या हलेनात.

तो दिवस मी कुणाशी नीट बोलू शकले नाही. दोन टेकू म्हणजे थोडेच, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण अडकलेला टेकू आरशावर कायमचा खळगा असतो, आणि त्या खळग्यातून विखुरलेला प्रकाश बरोबर तिथेच पडतो जिथे ग्रह शोधायचा आहे.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, “मीटर होता ना?”

“होता.”

“नुसता मीटर लावून काय उपयोग? मशीनचं तेल संपलं की मशीन ट्रिप व्हायला पाहिजे. माणूस बघेल म्हणून नाही भागत.”

सोमवारी मी एक रिले लावला. आर्द्रता पंचविसावर गेली की आरशाचं व्होल्टेज आपोआप तुटतं, कुणी बघत असो वा नसो. हा त्या उपकरणातला सगळ्यात साधा भाग आहे, आणि पुढे त्याने एकदा सगळं वाचवलं. तेही येईलच.

मेलेल्या टेकूंवर इलाज होता, आणि तो आमच्या आधीच्या लोकांनी दाखवलेला होता. चिलीतल्या जेमिनी साउथ दुर्बिणीवर 2013 च्या नोव्हेंबरात जेमिनी प्लॅनेट इमेजर सुरू झालं. त्याच्या पाठोपाठ 2014 च्या मे महिन्यात, चिलीतच पारानालला, युरोपियनांचं स्फिअर. पहिल्याने 51 एरिडानी बी हा ग्रह शोधला, दुसऱ्याने पीडीएस 70 या ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या चकतीत घडत असलेला ग्रह टिपला. आमच्यासारखे नंतर आलेले लोक त्यांचे तांत्रिक लेख जमाखर्चाच्या वहीसारखे वाचतात. जेमिनीच्या उपकरणातही अशाच आरशाचे काही टेकू निकामी होते, आणि त्यांच्यासमोर लायो स्टॉपवर छोट्या पट्ट्या ठेवून तेवढा प्रकाश अडवलेला होता. आम्हीही तेच केलं.

लायो स्टॉप म्हणजे काय ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. सूर्याचा करोना एरवी फक्त खग्रास ग्रहणात दिसतो. बर्नार लायो या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने 1930 च्या सुमारास पिरेनीज पर्वतातल्या पिक दु मिदीवर ग्रहणाशिवाय तो बघून दाखवला. दुर्बिणीच्या आतच सूर्यबिंबावर एक चकती ठेवायची, झालं कृत्रिम ग्रहण. पण आपण उन्हात डोळ्यांवर हाताचा आडोसा धरतो तेवढं ते सोपं नाही. चकतीने ताऱ्याचा गाभा अडवला तरी काही प्रकाश तिच्या कडेने वळून निसटतो. लायोची खरी करामत पुढे आहे. चकतीनंतर आणखी एक भिंग ठेवून दुर्बिणीच्या तोंडाची प्रतिमा पुन्हा तयार केली, तर तो निसटलेला प्रकाश त्या प्रतिमेत बहुतांशी कडेला गोळा झालेला सापडतो. तिथे मधोमध भोक असलेला पत्रा ठेवायचा, कडेचा प्रकाश गेला. हा पत्रा म्हणजे लायो स्टॉप. ग्रहाचा प्रकाश जरा तिरका येत असल्याने तो चकतीच्या बाजूने जातो आणि भोकातून बहुतेक सगळा पार होतो.

आमची चकती म्हणजे काचेवर अर्ध्या मिलिमीटरचा धातूचा काळा ठिपका. ती बसवण्याआधी मी सूक्ष्मदर्शकाखाली किती तास काढले त्याची गणती नाही. ठिपक्याच्या काठाशी पाच मायक्रॉनचा धुळीचा कण सापडला होता. फुंकर मारायची नाही, कापडाने पुसायचं नाही; पॉलिमरचा द्रव ओतायचा, तो वाळून पापुद्रा होतो, मग पापुद्रा सावकाश सोलायचा, त्याबरोबर धूळ निघते. सोलताना मी श्वास धरून होते. कण निघाला. वहीत एक नोंद कमी झाली.

बाबांच्या ‘मोजता कशाने’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला स्वतःला दोन वर्षं लागली. लाट मोजणारा सेन्सर आणि फोटो काढणारा कॅमेरा यांच्याकडे एकच प्रकाश येतो, पण एका काचेपाशी त्याच्या दोन वाटा होतात. सेन्सरच्या वाटेवर सगळं सपाट आहे असं सेन्सर सांगतो. कॅमेऱ्याच्या वाटेवर मात्र आणखी चार आरसे, एक भिंग, एक फिल्टर. त्यांच्या चुका सेन्सरला दिसूच शकत नाहीत. हवेचे ठिपके सतत बदलतात, त्यांची सरासरी होऊन धुरकट गुळगुळीत पार्श्वभूमी तयार होते. या दुसऱ्या वाटेवरचे ठिपके मात्र तासन्‌तास जागच्या जागी बसतात आणि हुबेहूब ग्रहासारखे दिसतात. म्हणून शेवटी कॅमेऱ्यालाच मोजायला लावायचं. डीएमवर मुद्दाम एक बारीक लाट उठवायची, काही नॅनोमीटरची. तिच्यामुळे ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन ठिपके उगवतात. आपण उठवलेला ठिपका खोट्या ठिपक्यावर आणून ठेवायचा, लाट पुढे-मागे सरकवायची आणि बघायचं: दोघं मिळून उजळतात की एकमेकांना खातात? जिथे खातात तिथे थांबायचं. एक ठिपका गेला. मग पुढचा.

पहिल्यांदा हे जमलं त्या रात्री लॅबमध्ये मी एकटीच होते. पडद्यावर दिव्याच्या एका बाजूचा अर्धगोल हळूहळू काळा होत गेला. दहा फेऱ्या, पंधरा फेऱ्या, प्रत्येक फेरीला थोडा अधिक काळा. अंधार एवढा सुंदर असतो हे मला त्या रात्री कळलं. मी दिवे न लावता बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्यानंतरचं वर्ष थंडीचं. लॅबमध्ये वीस अंश, डोंगरावर शून्याच्या आसपास. मीटरभर अ‍ॅल्युमिनियम वीस अंशांनी थंड झालं की जवळजवळ अर्धा मिलिमीटर आक्रसतं, अठरा थाऊ. हे मात्र बाबांना समजावून सांगावं लागलं नाही. उलट कुठले सांधे मोकळे ठेवायचे आणि कुठले घट्ट, हे त्यांनीच फोनवर मला विचारून विचारून माझ्याकडून काढून घेतलं. शीतगृहासारख्या खोलीत उपकरण ठेवून आम्ही तीन महिने तेच तपासलं. त्यावर अधिक लिहिण्यासारखं नाही. बोटं बधिर होतात, एवढंच.

मग खोके. प्रत्येक खोक्यावर धक्का बसला की लाल होणारं लेबल. डीएम सामानात नव्हता, तो सरांनी विमानात मांडीवर नेला.

आमची दुर्बीण हवाईतल्या मौनाकेआ डोंगरावर, तो 4,200 मीटर उंच आहे. थेट वर जायचं नसतं. 2,800 मीटरवर हाले पोहाकूला मुक्काम करून शरीराला सवय लावायची, मग वर. माथ्यावर समुद्रसपाटीच्या मानाने साठ टक्केच प्राणवायू. डोकं दुखतं, पण त्याहून धोक्याचं म्हणजे डोकं चालत नाही आणि ते चालत नाही हे आपल्याला कळत नाही. म्हणून वर जे करायचं ते सगळं खालीच लिहून नेतात, ‘डावीकडचा स्क्रू अर्धा आटा सैल कर’ इतक्या बारकाईने, आणि एकजण वाचतो, दुसरा करतो, तिसरा खूण करतो. तिसऱ्या दिवशी मी एकच अ‍ॅलन की हातात धरून ती सगळीकडे शोधत होते. जोडीदाराने मला खुर्चीत बसवून नळीने प्राणवायू दिला आणि मगच पुढचं पान वाचलं.

तो डोंगर हवाईच्या मूळ लोकांसाठी पवित्र आहे. तीस मीटरच्या नव्या दुर्बिणीला विरोध म्हणून 2019 मध्ये त्यांनी वर जाणारा रस्ता अडवला होता, त्यात म्हातारी माणसं पुढे बसली होती. त्या दुर्बिणीत भारतही भागीदार आहे. तिच्या आरशांचे काही तुकडे बंगळुरूजवळ होसकोटेला घासायचे ठरलेत. मी वणीच्या गडाच्या पायथ्याशी वाढलेल्या आईची मुलगी आहे. डोंगर म्हणजे देवी, हे मला कुणी समजावून सांगायला नको. वर जाताना मी दर वेळी आधी हात जोडले, आणि त्या लोकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय तिथे काही उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

उपकरण दुर्बिणीच्या बाजूच्या चौथऱ्यावर बसलं. दिव्यावर सगळं ठीक. फक्त झाकलेला दिवा चकतीच्या कडेने किंचित बाहेर डोकावत होता, एका ठरावीक दिशेला. म्हणजे कुठेतरी थरथर होती. मी चौथऱ्याच्या पत्र्यावर तळवा टेकवला. बाबा लेथच्या बेडवर असाच टेकवायचे आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. मला बेअरिंग कळत नाही, पण एक बारीक, एकसारखी गुणगुण हाताला लागली. कंपनमापक लावला, साठ हर्ट्झवर उंच सुळका. डिटेक्टर थंड ठेवणारं यंत्र. लॅबमधलं टेबल अवजड होतं, त्याने ती थरथर गिळून टाकली होती. इथल्या पोलादी चौथऱ्याने ती उचलून धरली. यंत्राखाली रबराचे पाय घातले, मधला जोड लवचिक तांब्याच्या वेणीचा केला, आणि राहिलेली थरथर लूपच्या गणितात आधीच ओळखून वजा केली. सुळका आठव्या हिश्श्यावर आला. पूर्ण गेला नाही.

पहिल्या रात्री धुकं. घुमट उघडायचा की नाही अशा घोळात काही मिनिटं तो उघडा राहिला आणि ओल आत आली. डब्याचा एक जोड प्रवासात सैल झालेला होता, ते आम्हाला तेव्हाच कळलं. कुणाच्या काही ध्यानात यायच्या आत रिले खटकन पडला आणि आरशाचं व्होल्टेज तुटलं. 4094 टेकू होते, 4094 राहिले. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले, पाय थरथरत होते.

दुसरी रात्र स्वच्छ. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. दहा वाजण्याच्या आधीच दुर्बीण एचआर 8799 वर नेली. नवीन काही शोधायचं नव्हतं. जे आहेत ते आमच्या उपकरणाला दिसतात का, एवढंच. लूप लागला. पिंजलेला कापूस आवळत आवळत एक टोकदार बिंदू झाला, बिंदू चकतीमागे गेला, आणि पडद्यावर काळोख उरला, त्यात कडेकडेने आमचे ओळखीचे ठिपके. तेहतीस नंबर, बहात्तर नंबर, एकशे दहा. मला ते नंबराने ओळखू येत होते.

इथे एक युक्ती वापरतात. दुर्बीण ताऱ्याचा पाठलाग करते तसतसं तिच्या दृष्टीने आकाश ताऱ्याभोवती फिरत राहतं. कॅमेरा उपकरणाला धरून स्थिर ठेवायचा. मग आपले ठिपके जागेवर बसून राहतात आणि ग्रह ताऱ्याभोवती फिरतात. मौनाकेआवर हा तारा जवळजवळ डोक्यावरून जातो, शिरोबिंदूपासून जेमतेम सव्वा अंशावरून, आणि त्या काही मिनिटांत हे फिरणं मिनिटाला दहा अंशांवर पोचतं. तेवढ्यापुरते फोटो फार कमी वेळाचे घ्यावे लागतात, नाहीतर ग्रह पुसटून चाप होतो. आम्ही आळीपाळीने फक्त आकडे वाचत होतो. कुणी दुसरं काही बोलत नव्हतं.

पहाटे चारला सगळे फोटो एकत्र केले. जे जागेवर होतं ते वजा केलं, उरलेलं आकाशाप्रमाणे फिरवून एकावर एक ठेवलं. ग्रहांच्या अपेक्षित जागा सरांनी एका कागदावर लिहून पालथ्या ठेवल्या होत्या, आपल्या मनाने बघायला लागू नये म्हणून. पडद्यावर लांब एक ठिपका. मग त्याच्या आत दुसरा, वेगळ्या दिशेला. मग तिसरा. मी तिघांच्या जागा मोजून सांगितल्या, सरांनी कागद उलटा केला. बी, सी, डी. तिन्ही जागेवर.

ई नव्हता. त्याची जागा ताऱ्यापासून साधारण 0.4 आर्कसेकंदावर (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3,600वा भाग), तिथे आमचेच ठिपके गच्च बसले होते. साठ हर्ट्झचा उरलेला सुळकाही तिथेच प्रकाश सांडत होता.

सकाळी सातला खाली उतरताना बाबांना फोन लावला. नाशिकला रात्रीचे साडेदहा. आमचं नाशिक 20 अंश अक्षांशावर आणि मौनाकेआ 19.8 वर, त्यामुळे जो तारा रात्री आमच्या घुमटावरून गेला तोच नऊएक तासांनी त्यांच्या गच्चीवर आला होता, तसाच डोक्यावर. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं: भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा, पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांच्या बरोबर मधे, जरासा चौकोनाच्या आत. तारा शहरातून दिसणार नाही, पण जागा कळेल.

“चौकोन सापडला,” बाबा म्हणाले. “मान दुखायला लागली. दिसले का तुझे?”

“तीन दिसले.”

“चार होते ना?”

“चौथा आमच्याच ठिपक्यांखाली आहे, बाबा. कूलरची थरथर अजून थोडी उरलीय.”

“पाय रबराचे घातलेस ते किती जाडीचे?” मी सांगितलं. ते जरा थांबले. “मग वजन बघ त्याच्यावर किती येतंय. पूर्ण दबला असेल तर रबर अन्‌ लोखंड सारखंच.”

हाले पोहाकूला पोचल्यावर मी झोपले नाही. वही उघडून शेवटच्या नोंदीखाली यंत्राचं वजन लिहिलं, त्याला चारने भागलं आणि रबराच्या पायांचा तक्ता शोधायला लागले.